संस्थेवर वर्णद्वेषाचा आरोप झालाय, निवेदन नक्की कोणासाठी लिहायचं?

मोकळी_खिडकी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण गेले काही दिवस झोप नीट लागत नाहीये आणि घरात कोणाला यातलं फारसं कळत नाही म्हणून इथे विचारतेय.

मी सहा वर्षांपासून एका सेवाभावी चळवळीत आहे. नाव मुद्दाम घेत नाही, कारण मला तिची बदनामी करायची नाहीये, उलट मला ती टिकायला हवी आहे. बऱ्याच देशांतली माणसं आहेत, काम बहुतेक ऑनलाइन चालतं, सभासद आपल्या पगारातला ठरावीक वाटा देतात आणि तो पैसा मलेरियाच्या मच्छरदाण्या, लसीकरण, जंताच्या गोळ्या अशा कामांना जातो. मी आयुष्यात ज्या मोजक्या गोष्टी बरोबर केल्या असं मला वाटतं त्यातली ही एक.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्यातल्या एका फार मान असलेल्या माणसाचं जुनं लिखाण बाहेर आलं. कृष्णवर्णीय लोकांच्या बुद्धीबद्दल. ती वाक्यं मी इथे परत लिहिणार नाही. लगेच दोन माजी स्वयंसेवकांनी जाहीरपणे लिहिलं की हे एकट्या माणसापुरतं नाही, मीटिंगमध्ये आमचं बोलणं कोणी नोंदवून घ्यायचं नाही, जिथे पैसा जातो तिथलं एकही माणूस निर्णय घेणाऱ्यांत नाही, वगैरे. आता सगळीकडून विचारणा चाललीय की तुमची भूमिका काय.

निवेदन लिहायला पाच जणांचा गट केला, त्यात मी. शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये पहिलं वाक्य मी टाकलं, "हे लिखाण वर्णद्वेषी आहे आणि ते चूक आहे." संध्याकाळी उघडून बघते तर त्याचं "हे लिखाण आजच्या काळात आक्षेपार्ह वाटू शकतं" झालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, "यामुळे काही सदस्यांच्या भावना दुखावल्या असल्यास आम्हाला खेद आहे." कोणी वाईट हेतूने केलं असं मी अजिबात म्हणत नाही, प्रत्येकाने फक्त आपापला एक शब्द मऊ केला. बाजूला कॉमेंट होत्या, "मोठे देणगीदार काय म्हणतील", "वकिलांना दाखवलं का", "इतकं थेट नको, अंगाशी येईल". ज्यांच्याबद्दल ते लिहिलं गेलं होतं त्यांना हे वाचून काय वाटेल अशी कॉमेंट एकही नव्हती. एकही.

आणि त्या गटात आमची एक नायजेरियन सहकारी आहे. मी त्या रात्री डॉक्युमेंट उघडं ठेवलं होतं, वरच्या कोपऱ्यात तिच्या नावाचं गोल चिन्ह दिसत होतं, वीसेक मिनिटं ती तिथे होती, एक अक्षर लिहिलं नाही आणि मग ते चिन्ह गेलं. दुसऱ्या दिवशी तिने कळवलं की ती काही काळ थांबतेय.

तर प्रश्न असा की अशा वेळी संस्थेने नेमकं काय करायचं असतं? लगेच माफी मागायची की आधी चौकशी? त्या माणसाला काढायचं का? आणि काम थांबलं तर ज्या पोरांना मच्छरदाणी मिळणार होती त्यांचं काय, हे जे आमच्यातले काही जण विचारतात त्याला मी काय उत्तर देऊ? कोणी असं काही जवळून बघितलं असेल तर सांगा.

---

कोरी_पाटी

ताई, तुमची गोष्ट वाचून इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम चळवळीत (दिलेल्या पैशातून जास्तीत जास्त भलं कसं होईल हे पुराव्यावरून ठरवू पाहणारे लोक) २०२३ साली जे झालं ते आठवलं. मी त्यांचा सभासद नाही पण तेव्हा सगळं वाचून काढलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो कारण त्यात दोन वेगवेगळी उत्तरं होती आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणाने अपुरी पडली.

निक बॉस्ट्रॉम हे तेव्हा ऑक्सफर्ड विद्यापीठातले तत्त्वज्ञ, या चळवळीवर ज्यांच्या विचारांचा मोठा प्रभाव. त्यांनी १९९६ मध्ये, विद्यार्थी असताना, एका मेल गटावर कृष्णवर्णीयांच्या बुद्धीबद्दल अत्यंत अपमानकारक विधान केलं होतं, त्यात एक वांशिक शिवीही होती. कोणीतरी जुने मेल खणतंय असं कानावर आल्यावर जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी स्वतःच तो मेल माफीसकट प्रसिद्ध केला. माफीत त्यांनी त्या मेलची स्पष्ट निर्भर्त्सना केली, पण पुढे जाऊन वंशावंशांतल्या बौद्धिक फरकामागे आनुवंशिक कारण असू शकतं का हा प्रश्न स्वतःच उपस्थित केला आणि म्हटलं की तो माझा विषय नाही, तज्ज्ञांवर सोडतो. झालं! माफी तिथेच संपली. म्हणजे बघा, ज्याचा अपमान झालाय तो समोर उभा आहे आणि तुम्ही त्याला सांगताय की तू माझ्याइतकाच हुशार आहेस की नाही हे मी तज्ज्ञांवर सोडतो. हेतू प्रामाणिकपणाचा असेलही, पण तो प्रश्न त्या कागदावर आणायची गरज काय होती? जखमेवर मीठ चोळणं दुसरं काय असतं.

दुसरं उत्तर चळवळीच्या मध्यवर्ती संस्थेचं, सेंटर फॉर इफेक्टिव्ह अल्ट्रुइझमचं. काही दिवसांतच आलं, दोन-चार ओळींचं. सगळी माणसं समान मोलाची आहेत हे आमचं मूळ तत्त्व आहे आणि बॉस्ट्रॉम यांच्या शब्दांचा आम्ही निषेध करतो, एवढंच. स्पष्ट होतं, जर-तर नव्हतं, हे मला आवडलं. पण त्यावरही चळवळीत उभी फूट पडली, काहींना वाटलं घाईघाईत माणसाला वाऱ्यावर सोडलं, काहींना वाटलं चार ओळी लिहून हात झटकले, कारण त्यात आम्ही आता काय वेगळं करणार याचा उल्लेखच नव्हता.

नंतर विद्यापीठाने चौकशी केली, त्याचा निकाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला, की बॉस्ट्रॉम वर्णद्वेषी आहेत असं आम्ही मानत नाही आणि माफी प्रामाणिक होती. ऑक्सफर्डमधली त्यांची संशोधन संस्था एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली पण त्याचं कारण विद्यापीठाच्या विभागाशी प्रशासकीय ओढाताण असं सांगितलं गेलं, तेव्हा ते या प्रकरणाला चिकटवू नका, लोक उगाच चिकटवतात.

मला यातून इतकंच घ्यावंसं वाटतं की तुमचं पहिलं वाक्य बरोबर होतं. ते परत आणा. लिखाण वर्णद्वेषी होतं, चूक होतं, पूर्णविराम. माणसाचं काय करायचं तो वेगळा प्रश्न, त्याला वेळ लागेल, लागू दे. पण शब्द चूक होते हे म्हणायला चौकशी समिती लागत नाही, शब्द समोर आहेत ना.

---

जुनं_झाड

मी थोडं विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका.

आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नसतं. मी एका छोट्या संस्थेत विश्वस्त होतो, तिथे एका समन्वयकावर असाच आरोप झाला होता, तीन दिवसांत संस्थेने त्यांना दूर केलं, जाहीर पत्रक काढलं, आणि दोन महिन्यांनी कळलं की जो ईमेल फिरत होता त्यातलं मधलं वाक्य कापलेलं होतं, मूळ अर्थ जवळजवळ उलटा होता. पत्रक मागे घेतलं पण ते कोण वाचतं. तो माणूस परत कधीच कुठल्या संस्थेत आला नाही. मी त्या पत्रकावर सही केली होती. तेव्हापासून मला घाईची भीती वाटते, आणि ती भीती मी सोडणार नाही.

म्हणून माझं म्हणणं, मूळ कागद पूर्ण वाचा. कधी लिहिला, कुणाला उद्देशून लिहिला, नंतर त्या माणसाने काय केलं, काय लिहिलं. त्याला विचारा, तोंडावर विचारा. आणि ज्यांनी आरोप केलाय त्यांनाही विचारा, नुसतं त्यांचं लिखाण वाचून त्यांच्याबद्दल मत बनवू नका. सुक्याबरोबर ओलं जाळून चळवळ शुद्ध होत नाही.

मच्छरदाण्यांचा मुद्दाही मला हलका वाटत नाही. देणगी आटली तर त्याची किंमत कोणीतरी लहान पोर मोजणार, हे खरंच आहे.

---

धुळीचे_रस्ते

झाडकाका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, कापलेल्या ईमेलचं तुम्ही सांगितलंत ते प्रत्येक संस्थेने ऐकायला हवं. पण मच्छरदाणीवालं उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी अकरा वर्षं मदतकार्यात काढली, पूर्व आफ्रिका आणि पश्चिम आशियात, एका मोठ्या संस्थेत. दोन प्रकारचे कर्मचारी असतात, नॅशनल स्टाफ आणि इंटरनॅशनल स्टाफ. एकच काम, कधी कधी स्थानिक माणसाचा अनुभव दुप्पट, पण पगार, विमा, घर, सुट्टी सगळं वेगळं. एका ठिकाणी गोळीबार वाढला तेव्हा आम्हाला दोन तासांत बॅगा भरायला सांगितलं. बाहेर तीन गाड्या उभ्या. यादी वाचली गेली, यादीत फक्त परदेशी पासपोर्टवाले. आमच्या लॉजिस्टिक्सचा सगळा भार ज्याच्या खांद्यावर तो स्थानिक सहकारी हातात गाड्यांच्या किल्ल्या घेऊन उभा होता, त्यानेच टायरची हवा तपासली, त्यानेच आम्हाला पाण्याचे कॅन चढवून दिले, आणि मग बाजूला झाला कारण तो यादीत नव्हता. मी गाडीत बसलो. कोणी कोणाला शिवी दिली नव्हती, कोणाच्या मनात द्वेष नव्हता, नियमच तसा होता. आता तुम्ही सांगा, त्याला जर उद्या संस्थेने लिहिलं की आम्ही वर्णद्वेषाचा तीव्र निषेध करतो, तर त्याने त्याचं काय करायचं?

म्हणून ताई, तुमच्या त्या दोन माजी स्वयंसेवकांनी जे लिहिलंय ना, की निर्णय घेणाऱ्यांत तिथलं माणूस नाही, ते मला जुन्या लिखाणापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. जुन्या लिखाणाचा निषेध करणं सोपं आहे, फुकट आहे. खुर्ची देणं महाग पडतं.

मेदसां सां फ्रंतिए, म्हणजे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, यांच्यावर २०२० च्या उन्हाळ्यात त्यांच्याच सुमारे एक हजार आजी-माजी कर्मचाऱ्यांनी पत्र लिहून संस्थात्मक वर्णद्वेषाचा आरोप केला. यात एकही बाहेरचा शत्रू नव्हता, सगळी आतली, कामावर जीव असलेली माणसं. त्या संस्थेचे बहुतांश कर्मचारी ज्या देशात काम चालतं तिथलेच असतात आणि मोठे निर्णय मात्र बराच काळ युरोपातल्या कचेऱ्यांतून होत आले. आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. नेतृत्वाने आरोप उडवून लावला नाही, बदल हवाय हे मान्य केलं आणि पुढे पगाराच्या रचनेपासून फोटोंपर्यंत काय चाललंय याचे अहवाल काढले. सगळं सुटलं का, नाही. पण निदान चर्चा भावनांवरून पगारपत्रकावर आली.

आणि २०१६ मध्ये मोठ्या देणगीदार देशांनी आणि संस्थांनी ग्रँड बार्गेन नावाचा करार केला होता, की २०२० पर्यंत मानवतावादी मदतीतला किमान २५ टक्के पैसा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांच्या हातात द्यायचा. मुदत संपली आणि एकंदर मदतीत तो आकडा जवळपासही आला नाही. सह्या करताना सगळे होते.

त्यामुळे "आरोपांमुळे काम थांबेल" हे मला कोणी सांगितलं की मी विचारतो, काम कोण करतंय? किल्ल्या कोणाच्या हातात आहेत? तीच माणसं उद्या कंटाळून गेली तर मच्छरदाणी वाटणार कोण.

---

जुनं_झाड

गाडीचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. त्या सहकाऱ्याचं पुढे काय झालं?

---

धुळीचे_रस्ते

सुखरूप आहे. आता दुसऱ्या संस्थेत आहे, स्वतःची टीम आहे. आम्ही बोलतो अधूनमधून. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलत नाही, मीच एकदा काढला विषय तर म्हणाला की तुझ्या हातात काय होतं. पण मी तेव्हा निदान विचारू शकलो असतो की यादी कोणी केली.

---

निळी_शाई

सगळं वाचलं. मी वैद्यकीय इतिहास शिकवते त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच रेडक्रॉसचं रक्त आलं, जरा अवांतर वाटेल पण तुमच्या "देणगीदार काय म्हणतील" या कॉमेंटशी थेट नातं आहे त्याचं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रेडक्रॉसने सैनिकांसाठी रक्त गोळा करायला सुरुवात केली तेव्हा कृष्णवर्णीयांचं रक्त घेतच नव्हते. लोकांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांत आलं, मग जानेवारी १९४२ मध्ये घ्यायला लागले पण वेगळं ठेवून, बाटलीवर तशी खूण करून. आणि यात सर्वात टोचणारी गोष्ट म्हणजे रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा मोठ्या प्रमाणावर साठवायचं तंत्र ज्यांनी उभं केलं, १९४० मध्ये ब्रिटनला प्लाझ्मा पाठवण्याच्या योजनेचं वैद्यकीय काम पाहिलं आणि मग रेडक्रॉसच्याच सुरुवातीच्या रक्तपेढी प्रकल्पाची धुरा सांभाळली ते डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः कृष्णवर्णीय होते. त्यांनी उघड सांगितलं की रक्तात वंशावरून फरक करायला कसलाही शास्त्रीय आधार नाही. हे संस्थेला माहीत नव्हतं असं नाही! माहीत होतं. तरी उत्तर काय दिलं जायचं, तर लष्कराचं धोरण तसं आहे आणि ज्यांना रक्त द्यायचं त्यातल्या बऱ्याच जणांची इच्छा तशी आहे. म्हणजे खरं काय ते ठाऊक असून उत्तर कोणाला दिलं गेलं, तर जे नाराज होऊ नयेत त्यांना. ज्यांचं रक्त वेगळ्या बाटलीत भरलं जात होतं त्यांना उत्तर दिलंच नाही. ही वेगळ्या खुणेची पद्धत रेडक्रॉसने १९५० मध्ये बंद केली. तोवर युद्ध संपून पाच वर्षं झाली होती आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ड्रू अपघातात गेले.

मी वर्गात हे शिकवते तेव्हा मुलं म्हणतात की ते लोक वाईट होते. मी म्हणते नाही गं, त्यांनी लाखो सैनिकांसाठी प्लाझ्मा गोळा केला, त्यातले कितीतरी त्यामुळे वाचले, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि एकामुळे दुसरं माफ होत नाही. आमच्या हातून इतकं चांगलं काम होतंय, मग आमच्याकडे बोट कसं दाखवता, हा सेवाभावी लोकांचा खास आजार आहे. नफेखोर कंपनीवर आरोप झाला तर ती निदान हिशोब करते. आपण दुखावले जातो. आपल्याला वाटतं आपल्या चांगुलपणावर कोणी शंका घेतली, आणि मग ज्याने दुखणं सांगितलं त्यालाच आपल्याला समजवावं लागतं की बाबा तुम्ही चांगले आहात, रडू नका. त्या नायजेरियन मैत्रिणीने वीस मिनिटं ते डॉक्युमेंट वाचलं ना, मला खात्री आहे तिने यापूर्वी असं समजावणं खूप वेळा केलं असणार.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, निवेदन दोन कागदांत तोडा. एक कागद ज्यांच्याबद्दल ते लिहिलं गेलं आणि ज्यांनी तक्रार केली त्यांना. तो आधी. त्यात देणगीदारांसाठी एक शब्द नको. दुसरा बाकी जगाला, तो पहिल्यापेक्षा जास्त गुळमुळीत असता कामा नये. "असल्यास", "वाटू शकतं", "काही जणांना" हे तीन शब्द शोधून काढून टाका, बाकी आपोआप सरळ होईल.

---

पानगळ

थोडक्यात लिहिते. मी देणगीदार आहे, मोठी नाही, दर महिन्याला ठरावीक रक्कम देणारी. सगळे देणगीदारांच्या नावाने घाबरतात पण आम्हाला कोणी विचारत नाही म्हणून सांगते, मला गोलमोल पत्र आलं की मी देणं थांबवण्याचा विचार करते. स्पष्ट पत्र आलं तर नाही.

अर्थात सगळे माझ्यासारखे नसतील हेही खरं. ब्रिटनमधल्या कॉमिक रिलीफचं बघा, टीव्हीवरच्या कार्यक्रमातून देणगी गोळा करणारी संस्था, फेब्रुवारी २०१९ मध्ये खासदार डेव्हिड लॅमी यांनी टीका केली की गोरे सेलिब्रिटी आफ्रिकेत जाऊन काळ्या मुलांना कडेवर घेऊन फोटो काढतात, हे तारणहाराचं चित्र आता पुरे. त्यावर खूप गदारोळ झाला, पुढच्याच महिन्यात कार्यक्रमाच्या रात्री जमलेली रक्कम २०१७ पेक्षा सुमारे ८० लाख पौंडांनी कमी भरली. काहींनी लगेच सगळं खापर लॅमींवर फोडलं. पण ऑक्टोबर २०२० मध्ये संस्थेने स्वतःच जाहीर केलं की सेलिब्रिटींना असं पाठवणं बंद, तिथल्याच फिल्ममेकर्सकडून फिल्म करून घेऊ. म्हणजे टीका करणारा बरोबर होता हे त्यांनी कृतीतून मान्य केलं, फक्त दीड वर्ष उशिरा. ते दीड वर्ष वाचवता आलं असतं ना?

---

कोरी_पाटी

पानगळ +१.

एक भर टाकतो, चौकशीबद्दल. झाडकाकांचा मुद्दा मला पटतो की माणसावर निर्णय घ्यायचा तर नीट चौकशी हवी. पण ती घरातल्या घरात नको, आपलाच मित्र आपल्याच मित्राची चौकशी करतोय असं नको. ॲम्नेस्टीच्या ब्रिटन शाखेत २०२१ मध्ये काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी जाहीर पत्र लिहिलं, मग संस्थेने बाहेरच्या लोकांकडून तपासणी करून घेतली, २०२२ च्या अहवालात संस्थात्मक वर्णद्वेष आहे असा स्पष्ट निष्कर्ष निघाला, आणि तो त्यांनी प्रसिद्ध केला. जगभर मानवी हक्क शिकवणारी संस्था आणि स्वतःबद्दल असा अहवाल छापायचा, सोपं नसतं. वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टनेही २०२० मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध वचनं दिली आणि २०२२ मध्ये आपणच ती बाहेरच्यांकडून तपासून घेतली, उत्तर आलं की वचनं पाळलेली नाहीत, संस्थात्मक वर्णद्वेष अजून आहे, आणि प्रमुखांनी तेही जाहीर करून माफी मागितली. मला हे दुसरं जास्त भावतं. वचन देणारे पुष्कळ, दोन वर्षांनी ते परत काढून त्यावर शेरा मारून घेणारे कमी.

तेव्हा निवेदनात तारीख टाका. अमुक महिन्यापर्यंत अमुक गोष्ट, आणि झाली नाही तर तेही कळवू.

---

जुनं_झाड

चौकशी बाहेरच्यांनी करावी याला माझी पूर्ण सहमती. आमच्या वेळी बाहेरचं कोणी असतं तर त्याने पहिल्या दिवशी विचारलं असतं की मूळ ईमेल कुठाय. म्हणजे बघा, आरोप झालेल्या माणसालाही त्यानेच न्याय मिळाला असता.

आणि मच्छरदाणीचा मुद्दा मी मागे घेतो. पूर्ण नाही, देणगी आटली तर नुकसान होतं हे मी अजूनही मानतो, पण ते कोणाला गप्प करायला वापरणं बरोबर नाही. धुळीचे रस्ते म्हणाले ते डोक्यातून जात नाहीये.

ताई एक विचारू का, तुम्ही तुमच्या त्या सहकारीला फोन केलात का?

---

मोकळी_खिडकी

काका, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा लाज वाटली, कारण नव्हता केला. मेसेज केला होता, "तुला काही लागलं तर सांग" टाइपचा. निळी शाई म्हणतात तसं, समजावायचं कामही परत तिच्याच गळ्यात.

काल केला फोन. मी आधीच ठरवलं होतं की स्वतःची बाजू सांगायची नाही, डॉक्युमेंटमध्ये पहिलं वाक्य माझं होतं हे तर अजिबात नाही, आणि खरं सांगते, जीभ तिथेच सारखी जात होती. ती सुरुवातीला सावध बोलत होती, हवापाण्याचं, कामाचं. मग मी विचारलं की तू त्या रात्री वाचत होतीस तेव्हा काय लिहावंसं वाटलं होतं. ती म्हणाली की मी एक कॉमेंट टाइप करून पुसली, तीनदा. काय होती विचारलं तर म्हणाली, "आम्ही म्हणजे कोण?" निवेदनात सगळीकडे "आम्ही" आणि "आमचे कृष्णवर्णीय सदस्य" असं होतं ना. म्हणजे ती "आम्ही"मध्ये नव्हतीच. सहा वर्षांत अर्ध्याहून जास्त मूल्यांकनाच्या अहवालांवर तिने काम केलंय, आणि निवेदनात ती पाहुणी.

मी ते वाक्य डझनभर वेळा वाचलं होतं, मला दिसलं नव्हतं. ती सोडून आम्हा चौघांपैकी कोणालाच नाही.

तर आज सकाळी गटात बसून हे केलं. पहिलं वाक्य परत आणलं, आहे तसं. "असल्यास", "वाटू शकतं", "काही जणांना" शोधून काढले, नऊ ठिकाणी निघाले. दोन कागद केले. त्या माणसाच्या पदाबद्दल बाहेरच्या व्यक्तीकडून चौकशी, तोवर तो निवडीच्या आणि निधीच्या कुठल्याही समितीत बसणार नाही, त्याला आधी स्वतः भेटून सांगायचं, पत्रकातून कळायला नको. यावर गटात मतभेद झाले, एकाने राजीनाम्याची भाषा केली, अजून राग आहे त्याचा. जिथे काम चालतं त्या देशांतल्या माणसांसाठी निधी ठरवणाऱ्या समितीत तीन जागा, मताधिकारासह, सल्लागार म्हणून नाही. ही गोष्ट मंजूर झालेली नाही, पुढच्या बैठकीत येईल आणि मला दिसतंय की तिथेच खरी ओढाताण होणार. शब्दांवर सगळे तासाभरात तयार झाले, जागांवर आल्यावर लोकांना अचानक घटना, नियमावली, कोरम आठवायला लागला. धुळीचे रस्ते, तुम्ही म्हणालात तसंच.

तिला मी परत ये म्हटलं नाही. पहिला कागद तिला आणि त्या दोन माजी स्वयंसेवकांना बाकी कोणाच्याही आधी पाठवलाय, मंजुरीसाठी नाही, तुम्हाला यातलं काय खोटं वाटतं तेवढं सांगा म्हणून, आणि न सांगितलंत तरी चालेल असंही लिहिलंय. एकाचं उत्तर आलं, "आम्हाला कळलं" या शब्दाखाली रेघ मारून त्याने लिहिलंय की २०१९ पासून सांगतोय, तेव्हाच्या तीन बैठकींची इतिवृत्तं बघा. बघितली. एका ठिकाणीही त्याचं नाव नाही. त्या बैठकींना मी हजर होते, एकदा तर इतिवृत्त मीच लिहिलं होतं. ते वाक्य आता "आम्हाला २०१९ पासून सांगितलं गेलं होतं, आम्ही नोंदवलं नाही" असं केलंय, आणि खाली ते इतिवृत्त माझं होतं हे मी माझ्या नावाने लिहिलंय.

तिचं अजून काही आलेलं नाही. बैठक शुक्रवारी आहे.